जळालेला केबल जॉइंट फेकू नका, उघडून बघा

माननीय संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात वडगाव भागात रात्रभर करंट नव्हता अशी चार ओळींची बातमी आली होती आणि कारण म्हणून नुसतं "केबलमध्ये बिघाड" असं छापलं होतं. ती केबल आमच्याच गल्लीच्या तोंडाशी आहे आणि मी स्वतः 28 वर्षं उद्यमबागेत एका फौंड्रीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला काढलीत, म्हणून हे पत्र. जरा लांबेल, पण विषय सगळ्या बेळगावकरांचा आहे, शक्य झालं तर पूर्ण छापा.

त्या रात्री अकराच्या सुमाराला जमिनीतून धप्प असा आवाज आला आणि सगळी गल्ली अंधारात गेली. मागं दोनदा हाच आवाज ऐकलेला असल्यामुळं बाहेर येऊन बघायच्या आधीच कळलं की परत तोच जॉइंट, म्हणजे केबलचे दोन तुकडे जोडलेली जागा, गेला. चौदा महिन्यांत ही तिसरी वेळ. ज्यांच्या घरात माग आहेत त्यांचं पातळ अर्ध्यावर थांबलं, शेजारच्या आजींना ऑक्सिजनचं मशीन लागतं, त्यांच्या पोरानं रात्रीच कुठून तरी इन्व्हर्टर आणून लावला, बोअरच्या मोटारी बंद म्हणून सकाळी पाणी नाही. हे सगळं लोकांना ठाऊकच आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशी काय झालं ते. दुपारी जेसीबी आला, खड्डा काढला, चिखलात हात घालून जळालेला जॉइंट वर ओढला, दोन्ही बाजूनी केबल कापली आणि तो जॉइंट गटारीच्या कडंला टाकून दिला. मी विचारलं की हा कुठं नेणार, तर वीज कंपनीचा पॉवरमन पोरगा (चांगला पोरगा आहे, रात्रभर झोपला नव्हता बिचारा) म्हणाला, "काका, ह्याचं काय करायचंय आता, सायबानी सांगितलंय सांजच्या आत चार्ज करा म्हणून." (चार्ज म्हणजे करंट सोडणं.) मागच्या दोन्ही वेळेला पण असंच झालेलं. म्हणजे तीन वेळा जॉइंट गेला, तिन्ही वेळा नवीन किट (जॉइंटचं सामान) लावलं, आणि का गेला हे एकदाही कुणी बघितलं नाही. रजिस्टरला कारण काय लिहितात, तर "जॉइंट फेल". अहो जॉइंट फेल झाला हे तर झालं, ते कारण कसं होईल? माणूस मेला तर डॉक्टर सर्टिफिकेटवर मरणाचं कारण मृत्यू असं लिहितो का?

आणि यात एक हिशेब आहे तो कुणी करत नाही. जॉइंट जळाला की तो मधनं कापून काढावा लागतो, मग केबल अपुरी पडते, म्हणून मध्ये नवीन तुकडा घालतात आणि त्या तुकड्याच्या दोन टोकांना दोन जॉइंट येतात. एकाचे दोन झाले. त्यातला एक गेला की परत तुकडा, म्हणजे तीन. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सुरुवातीला एक जॉइंट होता, आता त्याच जागेला चार आहेत. केबलचा कमजोर भाग म्हणजे जॉइंट आणि टर्मिनेशनच (टर्मिनेशन म्हणजे केबलचं टोक जिथं यंत्राला किंवा लाइनला जोडतात ती जागा), सलग केबल कारखान्यात मशीनवर तयार होऊन टेस्ट होऊन येते, पण जॉइंट हा खड्ड्यात बसून हातानं केलेला असतो. म्हणजे कारण न शोधता केलेली प्रत्येक दुरुस्ती पुढच्या बिघाडाला एक जागा वाढवून ठेवते.

फौंड्रीत असताना एकदा आमच्या एचटी (हाय टेन्शन) यार्डातलं 11 केव्हीचं, म्हणजे 11 हजार व्होल्टचं, टर्मिनेशन उडालं. तेव्हा मी पण तेच करायला निघालो होतो, जळालेलं कापायचं, नवीन किट लावायचं, भट्टी चालू करायची. आमच्या मोठ्या सरांनी अडवलं. त्यांनी आधी फोटो काढायला लावले, मग प्रत्येक कोअरला, म्हणजे केबलच्या आतल्या तीन तारांपैकी प्रत्येकीला, चिठ्ठी बांधायला लावली, आर फेज कुठली, वाय कुठली, बी कुठली, आणि प्रत्येकाची हातभर जास्त केबल ठेवून कापायला लावलं. भट्टीसाठी नवीन टर्मिनेशन लगेच झालंच, त्याला कुणी थांबलं नाही, पण जुनं सगळं टेबलावर आलं. मी आपला आर फेजला जे भोक पडलं होतं ते टॉर्च मारून बघत बसलो. सर म्हणाले, "त्याला काय विचारतोस, ते जळून गेलंय, त्यात जे काय होतं ते आर्कनं (मोठ्या ठिणगीनं) खाल्लं. वाय आणि बी उघड. त्याच माणसानं, त्याच दिवशी, त्याच ब्लेडनं केलेत ते."

आम्ही वाय फेजची लाल ट्यूब थोडी गरम करून ब्लेडनं लांबीच्या दिशेनं चिरली आणि सोलली. आत विजेचा ताण पसरवणारी काळी स्ट्रेस ट्यूब, ती पण सोलली. खाली पांढरं इन्सुलेशन, आणि जिथं वरचा काळा सेमिकॉनचा (अर्धवट वीज वाहणारा) थर कापून थांबवलेला असतो बरोबर तिथं, गोल, बांगडीसारखी, एक बारीक चीर. सेमिकॉन कापताना ब्लेड जास्त खोल गेलं होतं. व्हर्नियर लावून बघितलं तर जवळजवळ एक मिलीमीटर. बी फेजला पण तशीच चीर. शिवाय चिरेच्या पुढं पांढऱ्यावर काळे बोटांचे डाग, म्हणजे साफ करताना उलट्या दिशेनं पुसलं होतं, सेमिकॉनकडून कंडक्टरकडं, त्यामुळं कार्बन पांढऱ्यावर ओढला गेला. पुसायचं नेहमी कंडक्टरच्या टोकाकडून सेमिकॉनकडं आणि कपडा परत मागं आणायचा नाही. वाय फेजच्या चिरेतनं झाडाच्या मुळ्यांसारख्या दोन काळ्या रेघा निघायला सुरुवात झाली होती, केसाएवढ्या. भिंग लावून बघितल्या त्या मी. ते टर्मिनेशन अजून जिवंत होतं पण त्याचे दिवस भरत आले होते.

एक मिलीमीटरनं काय होतंय असं वाटेल कुणाला, म्हणून सांगतो. 11 केव्हीच्या केबलला, अर्थिंग केलेल्या (जमिनीला जोडलेल्या) सिस्टीमसाठी, इन्सुलेशनची जाडी असती 3.6 मिलीमीटर. एका फेजला जमिनीच्या मानानं व्होल्टेज असतं 6,350. म्हणजे दर मिलीमीटरला सरासरी पावणेदोन हजार व्होल्ट, दिवसरात्र, वर्षानुवर्षं. हे पांढरं एक्सएलपीई प्लास्टिक ते आरामात सोसतं. पण चिरेत हवा अडकते, आणि हवेवर त्या जागी प्लास्टिकच्या दुपटीहून जास्त ताण येतो, तर हवा सोसते साधारण मिलीमीटरला 3 हजार. म्हणजे त्या चिरेतली हवा फुटत राहते, बारीक बारीक ठिणग्या, बाहेर ना आवाज ना उजेड. याला पार्शल डिस्चार्ज म्हणतात. ती ठिणगी प्लास्टिक कुरतडत जाते, कधी काही तासांत, कधी चार-पाच वर्षांत पलीकडं पोचते, आणि मग धप्प. त्यात सेमिकॉन जिथं संपतो तिथं ताण आधीच सगळ्यात जास्त असतो. पाटाचं अस्तर जिथं संपतं तिथंच पाणी काठ पोखरतं ना, तसंच. म्हणून तर तिथं स्ट्रेस ट्यूब आणि पिवळा मॅस्टिक (चिकट लगदा) लावायचा असतो, ताण पसरवायला आणि हवा राहू नये म्हणून. तो मॅस्टिक दोन सेंटीमीटर इकडं तिकडं सरकला तरी किट असून नसल्यासारखं.

लोक म्हणतील की जॉइंट केल्यावर टेस्ट करतात की. करतात, मेगर (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजायचं यंत्र) लावतात. मेगर चांगला आला म्हणजे जॉइंट चांगला असं अजिबात नाही. चीर, अडकलेली हवा, सरकलेला मॅस्टिक, यातलं मेगरला काही दिसत नाही, तो फक्त ओल आणि सरळ सरळ फॉल्ट दाखवतो. आमच्या त्या टर्मिनेशनचा मेगर उडायच्या आधी दोनच महिन्यांपूर्वी उत्तम आला होता, मीच घेतला होता. आणि जुन्या एक्सएलपीई केबलवर डीसी हायपॉट (जास्त व्होल्टेजची डीसी टेस्ट) मारणं तर त्याहून वाईट, प्लास्टिकमध्ये विजेचा भार अडकून राहतो आणि लाइन चालू केल्यावर चांगली केबल पण जाऊ शकते. त्यासाठी व्हीएलएफ (अगदी कमी फ्रिक्वेन्सीची) टेस्ट असती, 0.1 हर्ट्झची, आणि सोबत पीडी, म्हणजे पार्शल डिस्चार्ज, मोजायचं मशीन. ते मशीन महाग आहे हे मान्य, पण एका जिल्ह्याला एक ठेवता येणार नाही एवढं काय महाग नाही.

आता सगळेच जॉइंट ब्लेडच्या चिरेमुळं जातात असं माझं म्हणणं नाही, आणि म्हणूनच उघडून बघायला पाहिजे म्हणतोय. जाणकार माणसाला उघडल्यावर फरक कळतो. कनेक्टर (तारा जोडायची नळी) नीट दाबलेला नसेल, क्रिंपिंगचा (दाबून बसवायचा) डाय एका साइजचा आणि कनेक्टर दुसऱ्या साइजचा असं झालं असेल, किंवा अल्युमिनियमच्या तारा ब्रशनं घासून ऑक्साइड रोखणारी इनहिबिटर पेस्ट न लावताच कनेक्टरमध्ये घातल्या असतील, तर तो कनेक्टर लोडवर तापतो आणि इन्सुलेशन आतनं बाहेर जळत येतं, आत तपकिरी काळं आणि बाहेर त्या मानानं बरं. अल्युमिनियमला उघड्यावर काही क्षणांतच ऑक्साइडचा थर येतो आणि तो थर करंट नेत नाही, हे जॉइंटरला माहीत असतं, पण रात्री दोन वाजता टॉर्चच्या उजेडात आणि वरनं चार लोक ओरडत असताना ब्रश मारणं राहून जातं. अशा जॉइंटचा पुरावा म्हणजे चांगल्या राहिलेल्या फेजचा कनेक्टर. तो मापून, उभा कापून बघितला की दाब नीट बसलाय की तारांमध्ये फटी आहेत ते उघड्या डोळ्यांनी दिसतं.

पाणी शिरलं असेल तर अल्युमिनियमवर पांढरी पूड, तांब्याच्या टेपवर हिरवा रंग आणि पत्र्याच्या संरक्षक आर्मरवर गंज असतो. आपल्याकडं हे जास्त. जून ते सप्टेंबर खड्डा म्हणजे विहीरच असती, खानापूरकडं तर विचारूच नका. आणि पाणी नेहमी जॉइंटमधनंच शिरतं असंही नाही, ड्रमवरची केबल कापून टोकाला कॅप न लावता पावसात ठेवली की तारांच्या फटीतनं पाणी कित्येक मीटर आत जातं, मग त्यावर कितीही सुंदर जॉइंट करा, आतलं पाणी आतच. खड्ड्यातनं काढलेल्या केबलच्या टोकावर ताबडतोब प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधायला काय खर्च येतो? मी आमच्या गल्लीत बघितलं, नवीन तुकड्याचं टोक दोन तास चिखलात पडून होतं आणि वरनं रिमझिम चालूच होती.

आणखी एक, गेल्या काही वर्षांत गावात रस्ते किती वेळा उकरले बघा, स्मार्ट सिटीचं काम, चोवीस तास पाण्याची पाइपलाइन, गॅसची पाइपलाइन, फायबर. जेसीबीचा दात केबलला घासून जातो, त्या दिवशी काही होत नाही म्हणून माती ओढून मोकळे होतात. बाहेरचं आवरण फाटलेलं असतं, एक-दोन पावसाळे पाणी आत मुरतं आणि मग ते जवळच्या जॉइंटपर्यंत पोचून तिथं फुटतं. नाव मात्र जॉइंटचं होतं. अथणी, बैलहोंगल, सौंदत्तीकडं काळी माती, ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, केबल ओढली जाते, तिथली कारणं आणखी वेगळी निघतील. म्हणून तर ठिकाणाप्रमाणं नोंद पाहिजे. पोलवरच्या टर्मिनेशनचं पण तसंच, तीन लाल कोअर एकमेकांना टेकलेले दिसले की समजायचं तिथं डिस्चार्ज चालू आहे, टेकलेल्या जागी पांढरी पूड दिसती. आमच्या भागात दोन ठिकाणी मी हे रस्त्यावरनं जाता जाता बघितलंय.

अजून एक चुकीची सवय म्हणजे लाइन ट्रिप झाली (आपोआप बंद पडली) की परत चार्ज करून बघायची. ओव्हरहेड लाइनला ते ठीक आहे, फांदी टेकली होती, पक्षी होता, निघून गेलं. केबलचा फॉल्ट आपोआप जात नसतो. दोनदा-तीनदा चार्ज केलं की उरलासुरला पुरावा आणि शेजारच्या चांगल्या फेज पण जळतात. सबस्टेशनच्या रिलेमध्ये (फॉल्ट ओळखून लाइन तोडणाऱ्या यंत्रात) कुठल्या फेजला किती करंट गेला आणि किती वाजता ते नोंदलेलं असतं, ते आधी लिहून घ्यावं. आमच्या इथं त्या रात्री तीनदा प्रयत्न झाला, तीन धप्प मी स्वतः ऐकले.

यात जॉइंटर लोकांना बदनाम करायचा माझा हेतू नाही, उलट मला त्यांची बाजू पण मांडायची आहे. "जॉइंटरची चूक" असं लिहून फाइल बंद करणं हे पण कारण न शोधण्यासारखंच आहे. त्यानं ब्लेड खोल का मारलं? कारण सेमिकॉनवर ठरलेल्या खोलीची रेघ मारायचं छोटं हत्यार मिळतं, ते त्याला कुणी दिलेलं नाही, तो साध्या कटरनं करतो. किटमधला कागद इंग्रजीत असतो, आणि खड्ड्यात बसलेला माणूस गोकाककडचा कन्नड बोलणारा असतो नाहीतर आमच्या येळ्ळूर-धामण्याकडचा मराठी बोलणारा. त्या कागदावरची मापं, कुठून किती मिलीमीटर सोलायचं, ट्यूब मधनं सुरू करून बाहेरच्या बाजूला गरम करत न्यायची म्हणजे हवा निघून जाते, ज्योत मऊ पिवळसर ठेवायची, निळी टोकदार नाही, हे सगळं कन्नड आणि मराठीत चित्रांसकट छापून दिलं तर कुणाचं काय बिघडतंय? शिवाय त्यांना पैसे नगावर, जेवढे जॉइंट तेवढे पैसे. मग घाई होणारच. किटवर आयएस 13573 या भारतीय मानकाचा टेस्ट रिपोर्ट असतो हे खरं, पण तो रिपोर्ट स्वच्छ लॅबमध्ये मुरलेल्या माणसानं केलेल्या जॉइंटचा असतो, आमच्या गल्लीतल्या चिखलातल्या जॉइंटचा नव्हे.

माझं वीज कंपनीच्या साहेबांकडं एवढंच मागणं आहे की लोकांचा करंट आधी चालू करा, त्यात एक मिनिट पण वाया घालवू नका, पण जळालेला जॉइंट दोन्ही बाजूला अर्धा-अर्धा मीटर केबल ठेवून कापा, आहे तसा फोटो काढा, धुऊ नका, जागेवर चिरफाड करू नका, फेजची चिठ्ठी बांधा, सबस्टेशनची बाजू कुठली ते लिहा, टोकं पिशवीनं बांधा आणि स्टोअरला जमा करा. सोबत एक कागद, हा जॉइंट कधी केला, कुणी केला, किटचा बॅच नंबर काय, त्या दिवशी पाऊस होता का. नवीन जॉइंट करताना हाच कागद आजपासून भरायला लागलं तर पुढच्या वेळेला शोधायला लागणार नाही. मग महिन्यातनं एक दिवस ठरवून ते उघडा, जळालेल्याच्या आधी न जळालेली फेज उघडा. जे इथं कळणार नाही ते बेंगळुरूला सेंट्रल पॉवर रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, 1960 पासूनची, केंद्र सरकारची, केबल आणि किट तपासायचं कामच आहे त्यांचं, तिकडं पाठवा. तिथं इन्सुलेशनचे पातळ काप काढून, रंगात बुडवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यामुळं झालेल्या झाडासारख्या खुणा बघता येतात. दहा जॉइंट उघडले आणि त्यातल्या सहांत एकच चूक निघाली तर काय सुधारायचं ते कुणी वेगळं सांगायची गरजच नाही. हत्यार कमी पडतंय, का किट खराब, का ट्रेनिंग, का जेसीबी.

आमच्या फौंड्रीत त्या एका टर्मिनेशननंतर उरलेली सगळी टर्मिनेशन सुट्टीच्या दिवशी एकेक करून बघितली. त्याच वेळी केलेली अजून दोन निघाली, दोन्हीला चीर होती, दोन्ही बदलली. मी रिटायर होईपर्यंत त्या यार्डात परत टर्मिनेशन गेलं नाही.

जाता जाता, गटारीच्या कडंला टाकलेला आमच्या गल्लीतला तो जॉइंट मी त्या पॉवरमन पोराला विचारून घरी आणून ठेवलाय. मला एकट्याला थ्री कोअर केबलचा तो तुकडा उचलवेना म्हणून शेजारच्या दोघांनी हात लावला. चिखल तसाच आहे, धुतलेला नाही, टोकाला दुधाच्या पिशव्या बांधल्यात. बाहेरनं बघता एकच फेज फुटलेली दिसते, बाकीच्या दोन चांगल्या आहेत. मी उघडलेला नाही कारण तो माझा नव्हे, कंपनीचा आहे, आणि त्यांच्या इंजिनिअरसमोर उघडला तरच त्याला अर्थ आहे. जिन्याखाली गोणीत ठेवलाय, सेक्शन ऑफिसमध्ये तसं लेखी देऊन पोच घेतली आहे. कुठल्याही दिवशी या, टेबल आणि भिंग माझ्याकडं आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त इलेक्ट्रिकल सुपरवायझर,
वडगाव, बेळगाव